कीटकनाशकांचा दीर्घकालीन संपर्क आणि मधुमेह

कीटकनाशकाची विषबाधा म्हटली, की फवारणी करताना चक्कर येऊन कोसळलेला शेतमजूर डोळ्यांसमोर येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा या तीव्र विषबाधेकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले. मात्र याच रसायनांची अल्प मात्रा वर्षानुवर्षे शरीरात जात राहिली, तर कोणतेही ठळक लक्षण न दिसता रक्तातील साखरेचे संतुलन बिघडू शकते, असे संशोधनातून पुढे आले आहे.

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके मज्जासंस्थेला आवश्यक असलेल्या ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराचे कार्य रोखतात. त्यामुळे विषबाधेच्या निदानासाठी रक्तातील या विकराचे प्रमाण तपासले जाते. दीर्घकालीन संपर्काचा धोका ओळखण्यास ही तपासणी पुरेशी आहे का, हा प्रश्न मदुराई कामराज विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पुढे आणला.

या अभ्यासात तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील ३,०८० व्यक्तींची पाहणी करण्यात आली. कीटकनाशकांशी थेट संपर्क असलेल्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण १८.३ टक्के, तर तसा संपर्क नसलेल्यांमध्ये ६.२ टक्के आढळले. रक्तातील कीटकनाशकाचे अंश जितके अधिक, तितकी सरासरी रक्तशर्करा अधिक, असेही दिसून आले. विकराच्या प्रमाणाशी मात्र तिचा संबंध आढळला नाही. म्हणजेच, नेहमीच्या तपासणीत विषबाधा दिसत नसतानाही साखर वाढलेली असू शकते.

यामागील प्रक्रियेचा उलगडा उंदरांवरील १८० दिवसांच्या प्रयोगातून झाला. आतड्यातील जिवाणू कीटकनाशकाचे विघटन करतात. त्यातून ॲसिटिक आम्लासारखे घटक तयार होतात व शरीरात नव्याने साखर निर्माण होण्याच्या क्रियेला चालना मिळते. अशा उंदरांचे जिवाणू निरोगी उंदरांमध्ये सोडल्यावर त्यांच्यातही साखर पचविण्याची क्षमता घटली.

अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत फवारणी करणाऱ्या ३० हजारांहून अधिक परवानाधारकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५० पैकी ७ कीडनाशकांचा मधुमेहाशी संबंध आढळला. ऑल्ड्रिन, क्लोरडेन आणि हेप्टाक्लोर यांचा त्यांत समावेश होता. ही ऑर्गॅनोक्लोरीन रसायने शरीरातील चरबीत दीर्घकाळ साठून राहतात.

अशा पाहण्यांतून परस्परसंबंध दिसतो. प्रत्येक रुग्णाच्या आजाराचे कारण त्यातून सिद्ध होत नाही. वय, वजन, आहार आणि आनुवंशिकता हे घटकही महत्त्वाचे असतात. तरीही, शेतात राबणाऱ्या माणसाला मधुमेह होत नाही, हा समज आता टिकणारा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असून ग्रामीण भागातील प्रमाण ८.९ टक्के आहे.

फवारणी करताना हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपडे वापरणे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न फवारणे, काम संपताच अंघोळ करणे आणि ते कपडे वेगळे धुणे हे उपाय सर्वपरिचित आहेत. त्यांना वर्षातून एकदा रक्तशर्करा तपासणीची जोड देणे हिताचे ठरेल. फवारणीनंतर त्रास झाला नाही, एवढ्यावरून शरीर सुरक्षित आहे, असे मानता येत नाही.