सूरजागडची कला आणि जागा

वडशाच्या झाडीपट्टी नाटकाला मंडप असतो, तिकीट असते. म्हणून समीक्षक त्याला निदान रंगभूमी तरी म्हणतात. एटापल्लीकडच्या माडिया गोंडांच्या रेला नृत्याच्या वाट्याला तेही आले नाही, कारण तिथे प्रेक्षक नसतो. हातात हात गुंफून गावच नाचते. नुसता बघत बसतो तो पाहुणा. गोटुल ही गाण्याची जागा आणि गावाच्या बैठकीचीही. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव. जानेवारीत त्याची यात्रा, परिसरातली गावे तिथे जमतात. याच डोंगरावर २००७ साली लोहखाणीसाठी सुमारे ३४८ हेक्टर जमीन पट्ट्याने दिली गेली. २०२१ पासून खोदकाम जोरात आहे. महोत्सवात रेला पथकाला टाळ्या देणारे या डोंगराबद्दल गप्प असतात. विद्यार्थ्यांना लोककला शिकवताना मी म्हणूनच यात्रेतल्या खाणविरोधी ठरावांपासून सुरुवात करतो.