वाशिमचं नवोदय : पाचवीतली एकच संधी

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशिम जिल्ह्यात जवाहर नवोदय विद्यालय आहे. ही केंद्र सरकारची निवासी शाळा. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं 1985-86 मध्ये सुरू झाली. त्यातलं एक शेजारच्याच अमरावतीत.

प्रवेश सहावीत, निवड चाचणीतून. परीक्षा मराठीतून देता येते : दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, एकतृतीयांश मुलींसाठी. ग्रामीण जागेसाठी तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली हवी. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. फक्त नववीपासून काही विद्यार्थ्यांना विकास निधी भरावा लागतो. मुली, अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतली मुलं त्यातूनही मुक्त.

अरावली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी या चार सदनांत मुलं राहतात. खेळ, वक्तृत्व, स्नेहसंमेलन, सगळी चुरस सदनांमध्येच. पण नवोदयचं खरं वेगळेपण नववीत दिसतं. काही विद्यार्थी वर्षभर हिंदीभाषक राज्यातल्या नवोदयात शिकायला जातात, तिथली मुलं इकडे येतात. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातल्या चौदा वर्षांच्या मुलासाठी हे वर्ष कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा मोलाचं, असं आम्हाला वाटतं.

सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते आणि अर्जाला शुल्क नाही. जिल्हा परिषद शाळांतल्या गुरुजींनी, बाईंनी पाचवीच्या प्रत्येक पालकाला हे वेळेत सांगावं.