रोजच्या पाच किलोमीटरसाठी कोणती गाडी?

समजा, तुमची आई शिक्षिका आहे. तिची शाळा घरापासून पाच किलोमीटरवर. वाटेत सिग्नल आणि चौक मिळून गाडीला बारा वेळा थांबावे लागते. गुडघ्याचे दुखणे सुरू झाल्यामुळे डाव्या पायाने क्लच दाबणे तिला जमेनासे झाले आहे. म्हणून घरात ठरते, की स्वयंचलित गिअरची एखादी जुनी गाडी घ्यावी. साठवलेले पैसे मोजकेच आहेत. निवड चुकली तर ते दुरुस्तीतच संपतील. अशा वेळी शाळेत शिकलेले विज्ञान कामी येईल का? अवश्य येईल. कसे, ते पाहू.

एका थांब्याची किंमत

गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. गाडीचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरा. उत्तर येते ५०,००० ज्यूल. ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा ब्रेक तापवण्यात खर्च होते. सिग्नल सुटल्यावर तेवढीच ऊर्जा इंजिनाला पुन्हा द्यावी लागते.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लक्ष ज्यूल ऊर्जा असते. शहरातल्या रहदारीत तिचा पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचला असे धरले, तर हाती येतात ६४ लक्ष ज्यूल. आता भागाकार करा. एका थांब्याला सुमारे ८ मिलिलिटर पेट्रोल लागते, म्हणजे चहाचा दीड चमचा! बारा थांब्यांना जवळजवळ १०० मिलिलिटर. गाडी ८०० किलोग्रॅमची असेल तर एका थांब्याचा खर्च सहा मिलिलिटरवर येतो, आणि १,२०० किलोग्रॅमची असेल तर नवाच्या वर जातो.

यावरून पहिला धडा मिळतो. वारंवार थांबायचे असेल तर गाडी हलकी आणि लहान असावी.

थंड इंजिनाचे दुखणे

खाद्यतेलाची बाटली तासभर शीतकपाटात ठेवून मग ओतून पाहा. तेल संथपणे पडते. सकाळी इंजिनातल्या वंगण तेलाचीही तीच गत असते. दाट तेलातून इंजिनाचे भाग फिरवायला जास्त जोर लागतो. शिवाय थंडपणी पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून इंजिनाला ते नेहमीपेक्षा जास्त द्यावे लागते. धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारे उत्प्रेरक यंत्र तर २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापल्याशिवाय नीट कामच करत नाही. पाच किलोमीटरच्या प्रवासातला बराच भाग या थंड अवस्थेत जातो.

आणखी एक गंमत पाहा. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक पाणी वाफ होऊन धुराड्यातून निघून जाते, पण थोडे वंगण तेलात उतरते. लांबच्या प्रवासात तेल चांगले तापते आणि हे पाणी उडून जाते. रोजच्या छोट्या फेऱ्यांत ते तेथेच राहते आणि तेल खराब करते.

म्हणून विकणारा जेव्हा म्हणतो, “दहा वर्षांत गाडी फक्त २५,००० किलोमीटर चालली आहे,” तेव्हा एकदम हुरळून जाऊ नका. कमी चाललेली गाडी चांगलीच असते असे नाही. तेल दर वर्षी बदलले होते का, ते विचारा, आणि त्याच्या पावत्या पाहा. इंजिन बंद असताना तेल भरण्याचे झाकण उघडा. आतून दुधी फेसासारखा थर दिसला, तर तेलात पाणी शिरले आहे.

डिझेल गाडीचा मोह येथे टाळावा. भारत स्टेज ६ चे नियम देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यानुसारच्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून सलग आणि वेगाने चालवावी लागते. केवळ छोट्या फेऱ्या झाल्या तर गाळणी तुंबते.

गिअर आपोआप पडतो तो कसा?

पेट्रोल इंजिन फारच हळू फिरवले तर बंद पडते, पण चाके तर शून्यापासून फिरायला हवीत. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये क्लच व गिअर लागतात. हे काम माणसाऐवजी यंत्राकडून करून घेण्याच्या मुख्य तीन रीती आपल्याकडच्या लहान गाड्यांत आढळतात.

पहिली रीत द्रवाची. टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. पंख्यांच्या जागी पाती आणि वाऱ्याच्या जागी तेल आले, की झाला टॉर्क कन्व्हर्टर! जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली या तत्त्वाचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. पुढे जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांत द्रवावर चालणारी ‘हायड्रामॅटिक’ गिअरपेटी दिली. ही रीत सौम्य आणि टिकाऊ आहे, पण कमी वेगात तेल घुसळण्यात काही ऊर्जा वाया जाते.

दुसरी रीत पट्ट्याची. दोन कप्प्यांवरून एक पोलादी पट्टा फिरतो आणि कप्प्यांची रुंदी कमीजास्त होते. त्यामुळे गिअरच्या पायऱ्याच राहत नाहीत, प्रमाण अखंड बदलत राहते. डच कंपनी डाफ हिने १९५८ साली या तत्त्वाची, पण रबरी पट्ट्याची, गाडी आणली. या सी. व्ही. टी. गाड्या झटके न देता चालतात आणि इंजिनाला सोयीच्या वेगात ठेवतात. पण त्यांचे खास तेल वेळेवर बदलावेच लागते, आणि पट्टा बिघडला तर खर्च मोठा येतो.

तिसरी रीत यांत्रिक हाताची. गिअरपेटी साधीच, क्लचही साधाच, फक्त दोन्ही हलवण्याचे काम संगणकाच्या हुकमाने एक यंत्रणा करते. हिला ए. एम. टी. म्हणतात. भारतात २०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओ गाडीतून ही रीत सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. गाडी स्वस्त पडते आणि इंधनही बेताचे पिते. गिअर बदलताना मात्र थोडी मान डोलते. आत क्लच प्लेट असल्यामुळे रहदारीत ती झिजतेच. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवण्याची सवय असलेल्या मालकाची गाडी म्हणूनच जपून पाहावी.

हिशेब मांडू या

आई वर्षाला ३,००० किलोमीटर गाडी चालवील असे धरा. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी २५० लिटर पेट्रोल घेईल, आणि १५ किलोमीटर देणारी २०० लिटर. फरक ५० लिटरचा. लिटरचा भाव १०० रुपये धरला तर वर्षाला ५,००० रुपये वाचले. पण दुसरी गाडी ६०,००० रुपयांनी महाग असेल, तर तेवढी बचत व्हायला बारा वर्षे लागतील! उलट गिअरपेटीची एक मोठी दुरुस्ती कित्येक वर्षांची इंधनबचत गिळून टाकते.

येथे दुसरा धडा मिळतो. फेऱ्या छोट्या असतील तर मायलेजच्या आकड्यापेक्षा गाडीची प्रकृती महत्त्वाची.

प्रकृती कशी तपासाल?

गाडी सकाळी, थंड असतानाच पाहायला जा. बॉनेटला हात लावा. तो गरम लागला, तर गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, गिअरचा दांडा पुढच्या व मागच्या गतीवर न्या. गिअर लागायला फार उशीर झाला किंवा जोराचा धक्का बसला, तर सावध व्हा. मग एखादा चढ चढवून पाहा. इंजिनाचा आवाज वाढतो आहे, पण गाडीचा वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच किंवा पट्टा घसरतो आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडी संख्या कोरलेली असते. २३१९ याचा अर्थ २०१९ सालातला तेविसावा आठवडा. गाडी कमी चालली तरी रबर वयाने कडक होते, हे विसरू नका. किलोमीटरचा आकडा कमी, पण ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत, असे दिसले तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. नोंदणीपत्र, विमा आणि कर्जाची नोंद तपासा. शेवटी, विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला गाडी दाखवा. त्याची मजुरी हा खर्च नव्हे, तो विमाच आहे.

मग आईने कोणती गाडी घ्यावी? हलकी, पेट्रोलवर चालणारी आणि दर वर्षी तेल बदलल्याच्या पावत्या असलेली. वाटेत मोठा चढ नसेल आणि पैसे बेताचे असतील, तर चांगल्या स्थितीतली ए. एम. टी. पुरे. धक्क्यांनी गुडघा दुखत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सी. व्ही. टी. बरी, मग पेट्रोल थोडे जास्त लागले तरी चालेल. आणि महिन्यातून एक-दोनदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी, म्हणजे तेलातले पाणी उडून जाईल.

उद्या शाळेत जाताना एक प्रयोग करा. तुमची बस, रिक्षा किंवा गाडी वाटेत किती वेळा पूर्ण थांबते ते मोजा. तिचे वस्तुमान आणि वेग यांचा अंदाज घेऊन प्रत्येक थांब्याला किती पेट्रोल लागले, ते काढा. आणि तोच वेग दुप्पट झाला, तर उत्तर किती पट होईल? सूत्रातला वर्ग विसरू नका!