तंबोऱ्यातला गंधार

मैफिलीत श्रोत्यांचे लक्ष बहुधा गवयाच्या तानांकडे असते. मागे झंकारणाऱ्या तंबोऱ्याकडे फारसे कुणाचे ध्यान जात नाही. त्याला तारा अवघ्या ४: पहिली बहुधा पंचमात, मधल्या २ षड्जात, शेवटची खर्जात. घोडीवर तारेखाली बारीक धागा सरकवून जवारी खुलवितात. तंबोरा चोख जुळला, म्हणजे खर्जाच्या गुंजारवातून गंधार उमटू लागतो. गंधारात लावलेली तार एकही नसते. तारेच्या मूळ कंपनाबरोबरच उठणाऱ्या पाचपट वेगाच्या कंपनाचा तो स्वर. म्हणूनच त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात.

तबल्याचेही तसेच. त्रितालाच्या १६ मात्रांत नववीवर खाली येते, आणि पाठोपाठ डग्ग्याचा घुमार क्षणभर विरतो. ती पोकळी कानाला जाणवली, की समेची ओढ लागते.

जे कुणी ऐकत नाही, ते पुढे कुणी जिवापाड जुळवीतही नाही. म्हणून घरी गाणे लागले, म्हणजे एकदा केवळ तंबोरा ऐकावा, एकदा केवळ ठेका, मुलांनाही विचारावे, “गंधार ऐकू आला का?” मग सारे एकत्र ऐकावे. गाणे तेच असते. कान मात्र तोच राहात नाही.