एक्सप्लेनर : ‘मी आलो’ की ‘मी आले’? ट्रान्सजेंडर, नॉनबायनरी व्यक्तींसाठीची ‘अफर्मेटिव्ह थेरपी’ म्हणजे काय?

समुपदेशकाच्या दारात उभं राहून ‘आत येऊ का?’ विचारलं, तर कुणालाच काही कळत नाही. पण खुर्चीत बसून ‘मी जरा लवकरच...’ इथपर्यंत आलं की मराठी बोलणारी व्यक्ती अडकते. पुढे ‘आलो’ म्हणायचं की ‘आले’? इंग्रजीत ‘आय केम’ म्हणून वेळ मारून नेता येते. आपल्याकडे क्रियापदच लिंग सांगून टाकतं.

समजा, आधारवर आणि घरी मुलगी म्हणून नोंद असलेल्या, पण स्वतःला मुलगा मानणाऱ्या कुणी धीर करून ‘आलो’ म्हटलं. समोरून हसत हसत ‘आले म्हणायचंय ना?’ अशी दुरुस्ती झाली, तर पुढचा पाऊण तास हवापाण्याच्या गप्पांतच जाणार. ही दुरुस्ती न करणं, इथून अफर्मेटिव्ह थेरपी सुरू होते.

अफर्मेटिव्ह म्हणजे व्यक्तीची ओळख मान्य करून पुढे जाणारी. जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःची जाणीव जुळत नाही, ती व्यक्ती ट्रान्सजेंडर. पुरुष किंवा स्त्री यापैकी कुठल्याच एका चौकटीत स्वतःला न बसवणारी व्यक्ती नॉनबायनरी. आपण सरसकट ‘तृतीयपंथी’ म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर एकच पारंपरिक समाज असतो. ट्रान्स पुरुष तर त्या चित्रात नसतातच.

या थेरपीचा पाया साधा आहे. ही ओळख म्हणजे आजार नाही, त्यामुळे ‘हे असं का झालं’ याचा शोध घेण्यात सेशन खर्ची घालायचं नाही. त्रास कशाचा होतोय, ते पाहायचं. झोप उडालीय, लग्नाचा तगादा आहे, हॉस्टेलवर कुठल्या बाथरूममध्ये जायचं हा रोजचा प्रश्न आहे. अमेरिकी संशोधक इलन मेयर यांनी २००३ मध्ये समलिंगी आणि उभयलिंगी व्यक्तींबाबत ‘मायनॉरिटी स्ट्रेस’ची मांडणी केली. २०१२ मध्ये ती ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी विस्तारली गेली. टोमणे आणि भेदभाव हा बाहेरचा ताण. सतत सावध राहणं, लपवणं आणि शेवटी स्वतःचाच तिरस्कार करू लागणं हा आतला.

मग ही ‘होला हो’ थेरपी आहे का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. ‘मला अजून नक्की माहीत नाही’ म्हणायला इथे जागा असते आणि थेरपिस्टला कुठल्याच उत्तराची घाई नसते. हार्मोन किंवा शस्त्रक्रियेकडे ढकलणं हे तिचं काम नाही. अनेक नॉनबायनरी व्यक्तींना त्यातलं काहीच नको असतं. नैराश्य किंवा व्यसन असेल तर त्यावर उपचार होतातच. उलट, परीक्षेच्या भीतीने आलेल्या ट्रान्स विद्यार्थ्याशी तासभर फक्त लिंगओळखीबद्दल बोलणं हीसुद्धा चूकच.

खरी गाठ पडते ती ‘लेटर’पाशी. हार्मोन किंवा शस्त्रक्रियेआधी डॉक्टर मानसिक आरोग्य तज्ज्ञाचं पत्र मागतात. त्यामुळे थेरपिस्ट एकाच वेळी मदतनीसही होतो आणि दारावरचा वॉचमनही. वॉचमनसमोर कोण मनातली शंका बोलणार? मग ‘लहानपणापासून असंच वाटायचं’ अशी पाठ केलेली गोष्ट ऐकायला मिळते. ‘डब्ल्यूपॅथ’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे ओझं कमी केलंय. उपचारांआधी मानसोपचाराची सक्ती नको आणि प्रौढांच्या शस्त्रक्रियेसाठी पत्र लागलंच तर एकच पुरे, असं त्यात म्हटलंय. नॉनबायनरी व्यक्तींवर वेगळं प्रकरणही आहे.

वाद आहेत. इंग्लंडमधल्या २०२४ च्या कॅस अहवालाने अल्पवयीनांना दिल्या जाणाऱ्या, वयात येणं लांबवणाऱ्या औषधांचे पुरावे कमकुवत असल्याचं म्हटलं. टीकेचा मुख्य रोख मुलांच्या औषधोपचारांवर आहे. प्रौढ व्यक्तीला तिने सांगितलेल्या नावाने हाक मारणं हा वेगळा विषय आहे. सोशल मीडियावर मात्र दोन्हींची खिचडी होते.

भारतात नियम काय सांगतात?

‘नालसा’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या आजारांच्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढली गेली. मद्रास हायकोर्टाने २०२१ मध्ये ओळख ‘बरी करण्याच्या’ प्रयत्नांना मनाई केली. तो खटला ऐकताना न्या. आनंद व्यंकटेश विषय समजून घ्यायला स्वतः मानसशास्त्रज्ञाच्या सेशनला बसले होते. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशी ‘कन्व्हर्जन थेरपी’ हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. पण आयोगाचा वचक डॉक्टरांवर. घरचे ज्या बाबा-बुवांकडे घेऊन जातात, त्यांच्यावर नाही.

योग्य थेरपिस्ट कसा ओळखायचा? अपॉइंटमेंटआधी फोनवरच विचारा: कागदावर कुठलं नाव लिहिणार? घरच्यांचा फोन आला तर काय सांगणार? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. मुंबईची मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था समुपदेशकांना या पद्धतीचं प्रशिक्षण देते, तेव्हा ते घेतलंय का हेही विचारता येईल. तातडीची मदत हवी असेल तर सरकारच्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास.

राहिली भाषा. ‘तुम्हाला काय वाटतं?’, ‘मला जायचंय’, ‘मी सांगेन’ या वाक्यांत लिंग येत नाही, म्हणून सुरुवातीला ती सोयीची. कुणाला ‘ते’ चालतं, तर कुणाला ‘ते मूल’ आठवून राग येतो. विचारणं हाच मार्ग. चुकलंच तर एकदा सॉरी म्हणून पुढे जायचं. माफीचं भाषण केलं की समोरच्यालाच थेरपिस्टची समजूत काढत बसावं लागतं. कधी क्लायंटच सांगतो, ‘आई आत आली की जुन्या नावाने बोला.’ तेही ऐकायचं, कारण घरी परत तिच्याबरोबरच जायचं असतं.

आणि हे सगळं आतल्या खोलीत नीट जमलं, तरी बाहेर बाकावर बसलेल्या दहा जणांसमोर रिसेप्शनवरून आधारवरचं नाव पुकारलं जातंच. टोकन नंबर पुकारायला काहीच खर्च येत नाही.