शिलाईचा दर

"दोन ब्लाउज टाकते आहे, काही कमी करा," ही विनंती घरी शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या परिचयाची असते. कापड गिऱ्हाइकाचे, यंत्र घरचेच. मग खर्च तो कसला, असा समज त्यामागे असतो. वास्तविक अस्तर, दोरा, हुक आणि वीज यांना पैसे पडतातच. शिवाय माप घेणे, कापणे, हुक-काजे करणे आणि अंगावर नीट बसले नाही तर उसवून पुन्हा शिवणे यांत वेळ जातो.

समजा, एका ब्लाउजला तीन तास लागले आणि ताशी ८० रुपये धरले. मजुरी २४० रुपये, साहित्य व वीज ६० रुपये. दर ३०० रुपये झाला. यातून ५० रुपये सोडले, तरी दोरा-अस्तर स्वस्त होत नाही. सगळी सूट मजुरीतूनच जाते आणि तासाचे मोल सुमारे ६३ रुपयांवर येते.

किमान वेतन कायदा १९४८ साली झाला, परंतु तो नोकरीतील कामगारांसाठी होता. स्वतंत्र कारागिराला आपले मोल स्वतःच ठरवावे लागते. म्हणून दर कापड हाती घेतानाच सांगावा. सूट द्यायचीच, तर कामही कमी करावे: अस्तर किंवा गळ्याची पायपिंग वगळावी, अथवा लग्नसराई संपल्यावर सवडीने शिवून द्यावे. शेजारणीला मायेने फुकट शिवून दिले, तर ती भेट होय. वहीत तिची नोंद निराळी ठेवावी.