झोपता येणारा प्रोसेसर

फोर-के व्हिडिओच्या एका चित्रात ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला अशी २४ चित्रं धरली तर जवळजवळ २० कोटी ठिपके होतात, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. म्हणजे दर सेकंदाला पावणेपाच अब्ज बिट. डिस्कवरची फाइल मात्र सेकंदाला दोन कोटींच्या आसपास बिट हातात ठेवते, मूळ चित्राचा साधारण २४०वा हिस्सा. बाकीचं सगळं पाहणाऱ्याला पत्ता लागू न देता क्षणोक्षणी नव्यानं बांधलं जातं.

हे कसं जमतं ते बघायला इंदुरीकर महाराजांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग उत्तम. मागचा पडदा दोन तास जागचा हलत नाही, मग तो दर चित्रात पुन्हा लिहायचा कशाला? एकदा पूर्ण चित्र लिहायचं आणि पुढे फक्त बदल नोंदवायचे: हा चौकोन चार ठिपके उजवीकडे सरकला, तो तिथंच आहे. महाराजांचा हात उठतो तेवढाच खर्च. डोळ्याला जाणवत नाहीत असे बारीक तपशील सरळ गाळून टाकायचे. कॅमेरा हसणाऱ्या गर्दीकडे वळला की मात्र हिशेब वाढतो, कारण शेकडो डोकी शेकडो दिशांना हलतात.

ही गाठोडी सोडवण्याचं काम प्रोसेसरच्या नेहमीच्या कोअरकडून करून घेता येतं, पण मग ते तापतात, आणि फोर-के असेल तर जुन्या यंत्रात धापाही टाकतात. म्हणून इंटेलनं २०११ पासून आपल्या बऱ्याच प्रोसेसरांत क्विक सिंक नावाचा एक वेगळा कोपरा ठेवला. त्यातल्या सर्किटांना व्हिडिओखेरीज दुसरं काही येत नाही. साधा जमाखर्च सांगितला तरी जमणार नाही. पण आपलं एकच काम ती इतक्या थोडक्या विजेत करतात की शेजारच्या कोअरना पत्ताही लागत नाही.

घरचे व्हिडिओ साठवून दाखवणाऱ्या सर्व्हरसाठी प्रोसेसर निवडताना लोक कोअर मोजतात, गिगाहर्ट्झ मोजतात. माझ्या मते बघायच्या गोष्टी दोनच: हा कोपरा किती शिकलेला आहे, आणि बाकीचा प्रोसेसर किती गाढ झोपू शकतो.

नगरमध्ये, म्हणजे आता अहिल्यानगरमध्ये, सावेडीतल्या एखाद्या घरात असा सर्व्हर काय करणार? व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं लग्न, नातवंडांचे मोबाइलवरचे व्हिडिओ, जुने चित्रपट, गावाकडच्या सप्ताहाची रेकॉर्डिंगं, हे सगळं एका डब्यात राहील आणि जेलीफिनसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून टीव्हीवर दिसेल. यात सर्व्हरला बहुतेक वेळा काही करावंच लागत नाही. फाइल डिस्कवरून उचलायची, वायरीवर टाकायची; उलगडण्याचं काम टीव्हीच करतो. अगदी जड फाइलसुद्धा सेकंदाला दहा मेगाबाइट मागते, आणि साधी हार्ड डिस्क दीडशे सहज देते. प्रोसेसर जवळपास रिकामाच.

खरी परीक्षा होते ती पुण्यात होस्टेलवर राहणाऱ्या मुलीनं मोबाइल डेटावर तेच लग्न बघायला घेतलं की. किंवा टीव्ही जुना असल्यानं एचईव्हीसी पद्धतीनं बांधलेली फाइल त्याला कळतच नाही तेव्हा, किंवा चित्ररूपातली सबटायटलं व्हिडिओवरच चिकटवावी लागतात तेव्हा. मग सर्व्हरला फाइल उलगडून, लहान करून, पुन्हा बांधून पाठवावी लागते, तेही चालत्या गाडीत. क्विक सिंकचा कोपरा इथं उपयोगी पडतो. २०१७च्या आसपासच्या सातव्या पिढीपासून इंटेलच्या प्रोसेसरांना दहा-बिट एचईव्हीसी येतं. म्हणून ऑफिसातून निघालेला, त्या किंवा पुढच्या पिढीचा जुना छोटा पीसी आजही चांगला सौदा आहे. फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त मिळाला म्हणून उचलू नये. त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणून हा कोपराही नसतो. रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक गोड खेळणं आहे, पण व्हिडिओ नव्यानं बांधणारं सर्किट त्यात नाही, म्हणून या कामाला नको.

नवंच घ्यायचं असेल तर २०२३ साली आलेला इंटेल एन१०० बघावा. चार कोअर, वेग ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि कागदावर ६ वॉट. या आकड्याची गंमत कळायला तीस वर्षं मागं जावं लागतं. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांच्या देखरेखीखाली इंटेलमध्ये घडलेला पहिला पेंटियम १९९३ साली आला. ३१ लाख ट्रान्झिस्टर, ६६ मेगाहर्ट्झ, आणि भर कामात १६ वॉटांपर्यंत वीज. तो चालायचा ५ व्होल्टवर. आजच्या प्रोसेसरचे कोअर एका व्होल्टच्या आगेमागे चालतात. ट्रान्झिस्टर उघड-बंद करायला लागणारी ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे व्होल्ट पाचपट घटला की खर्च पंचवीसपट घटतो. वेग अर्धा केला तर व्होल्टही उतरवता येतो, आणि वीज निम्म्याहून कितीतरी खाली जाते. सावकाश चालणाऱ्याला निसर्गानं इतकी मोठी सूट दिली आहे, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याहून मोठं नवल एप्रिल १९८५ मध्ये केंब्रिजला घडलं. एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी रचलेला पहिला एआरएम प्रोसेसर बोर्डवर बसवला, तो नीट चालूही लागला. फर्बर यांनी वीज मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर! शोध घेतल्यावर कळलं की प्रोसेसरला वीज जोडलेलीच नव्हती. शेजारच्या सर्किटांतून सिग्नलच्या तारांवाटे झिरपणाऱ्या विजेवरच तो काम करत होता.

आता झोपेविषयी. काम नसलं की प्रोसेसर आधी कोअरचं घड्याळ थांबवतो, मग जवळची स्मृती रिकामी करतो, मग कोअरची वीजच तोडतो. हाक आली की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत पुन्हा जागा. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं आणि आपल्याला कधी दिसत नाही. मात्र संपूर्ण चिप गाढ झोपायला सगळ्यांची संमती लागते. एकत्र कुटुंबात एक आजोबा रात्रभर खोकले की कुणाचाच डोळा लागत नाही, तसं जास्तीच्या डिस्क जोडायचं बेशिस्त साटा कार्ड एक जरी बसवलं तरी सगळी चिप अर्धवट जागी राहते. सहा वॉटचा प्रोसेसर घेऊन भिंतीवरच्या मीटरवर पंचवीस वॉट का दिसतात, याचं उत्तर पुष्कळदा त्या कार्डात सापडतं. उलट, खोक्यावर ६० वॉट छापलेला आय३-१२१०० बघून घाबरू नये. तो आकडा भर कामातला आहे, झोपेतला नाही. मला विचाराल तर चारपेक्षा जास्त डिस्क लावायच्या असतील तर एन१००पेक्षा तोच बरा. डिस्क, कार्डं जोडायला एन१००कडे बाहेर जाणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस वाटा नऊच आहेत.

नगरच्या उन्हाळ्यात हा हिशेब आणखी कडक होतो. पंख्याविना चालणारा प्रोसेसर आपली उष्णता खोलीतल्या हवेलाच देतो. एन१००ची सहनशक्ती १०५ अंशांपर्यंत आहे. खोलीत २५ अंश असतील तर ८० अंशांची मोकळीक मिळते, मे महिन्यात ४२ असतील तर ६३ची. सहा वॉटांना तेवढी पुरते, साठ वॉटांना पंखा लागतोच, आणि पंखा आला की आवाज आला, वर धूळही. वीजबिलाचा हिशेब तर तोंडी करता येतो: वर्षभर अखंड जळणारा एक वॉट म्हणजे पावणेनऊ युनिट. ग्राफिक्स कार्डवाला जुना डेस्कटॉप रिकामा बसूनही साठ वॉट जास्त खात असेल तर वर्षाला सव्वापाचशे युनिट फुकट. शिवाय वीज गेल्यावर घरातले पंखे आणि दिवे ज्या इन्व्हर्टरवर चालतात, त्याचीच बॅटरी तो संपवणार. या बाबतीत स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप वाटतो त्याहून हुशार निवड ठरतो, कारण स्वतःची बॅटरी तो घेऊनच येतो.

एवढं सगळं जमवल्यावरही डबा गुणगुणतच असेल, तर दोष प्रोसेसरचा नाही. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते आणि नेमका तेवढ्याच कंपनांचा हूं-हूं आवाज काढते. लोखंडी कपाटावर ठेवली तर कपाटही साथ देतं. ५४०० फेऱ्यांची घ्यावी, खाली रबराचे तुकडे द्यावेत. उन्हाळ्यात मात्र डिस्कांवर एक मोठा, मंद पंखा सोडावाच लागतो, कारण प्रोसेसरला चालणारी उष्णता डिस्कांना चालत नाही. बहुतेकींची मर्यादा ६० अंशांची.